ऑपरेशनचा आग्रह माझा होता, आता नळी निघत नाहीये

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे, ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत. वडील ६८ वर्षांचे, एसटीतून रिटायर झालेले. दहा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे डावी किडनी काढली, त्यानंतर सगळं व्यवस्थित. यंदा गॅसेसचा त्रास म्हणून सोनोग्राफी केली तर स्वादुपिंडाच्या शेपटाकडे तीन सेंटीमीटरची गाठ, आणि तपासणीत ती जुन्या किडनीच्याच कॅन्सरची निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन किंवा गोळ्या असे दोन रस्ते सांगितले, ताईंनी ऑपरेशनचा आग्रह धरला. पुण्यात स्वादुपिंडाचा शेपटाकडचा भाग आणि प्लीहा काढली. दहाव्या दिवशी ताप, पोटात पाणी साठलेलं, मग सुई टाकून नळी घातली. आज सहा आठवडे झाले, नळीतून रोज ६०-७० मिली येतंच आहे, वजन नऊ किलोनं उतरलंय, शुगर २४० निघाली, आणि सीटीमध्ये फुफ्फुसात सहा मिलिमीटरचा एक ठिपका दिसलाय. भाऊ म्हणतो दहा वर्षं चांगला हिंडता-फिरता माणूस तू उगाच चिरायला लावलास. आत्या म्हणतात कॅन्सरला सुरी लागली की पसरतोच. बाबांसमोर घरात 'कॅन्सर' हा शब्द अजून कुणी काढलेला नाही, 'गाठ' एवढंच. ताई विचारतात, माझं चुकलं का, डॉक्टरांचं चुकलं का, हॉस्पिटल बदलू का, आणि त्या ठिपक्याचं पण ऑपरेशन करू म्हणाले तर काय सांगू?

---

तू मला ताई म्हणून लिहिलंस म्हणून मी पण अगं-तुगंच करते, चालेल ना. मी ३३ वर्षं सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर होते. डॉक्टर नाही, त्यामुळे बाबांचे रिपोर्ट बघून निर्णय देणं माझं काम नाही आणि मी तो देणारही नाही. पण नळी, पिशवी, तापाचा तक्ता आणि पलंगाभोवती उभं राहून हळू आवाजात भांडणारी घरची माणसं, हे मी इतकं बघितलंय की तुझं पत्र वाचताना मला तो वॉर्डच दिसायला लागला.

पत्र मी तीनदा वाचलं. त्यात भाऊ बोलतो, आत्या बोलतात, डॉक्टर बोलतात, वहिनी सुद्धा एकदा बोलते, आणि तू तर बोलतेसच. बाबांचं एकही वाक्य नाही. हे बाजूला ठेवते, शेवटी परत येते त्यावर.

आधी नक्की झालंय काय ते नीट समजून घेऊ, कारण मला वाटतं तुला ते कुणी बसवून सांगितलेलंच नाही. स्वादुपिंड हा लोण्यासारखा मऊ अवयव आहे आणि त्याचा रस आपण खाल्लेलं मटण, अंडी, तेल-तूप सगळं विरघळवतो. आता असा अवयव कापायचा आणि त्याचं कापलेलं टोक शिवून किंवा स्टेपलरनं बंद करायचं, म्हणजे ज्या जागेतून विरघळवणारा रस येतो तीच जागा टाके धरून ठेवेल अशी अपेक्षा करायची. काहींची धरते, काहींची गळते. ह्या गळतीला डॉक्टर लीक किंवा फिस्टुला म्हणतात. शेपटाकडचा भाग काढल्यावर साधारण चार-पाच जणांत एकाला ही गळती होते, चांगल्या नावाजलेल्या सर्जनच्या हातून सुद्धा, आणि हमखास थांबवेल अशी कुठलीही पद्धत अजून जगात कुणाला सापडलेली नाही. त्यात तुझ्या बाबांची डावी किडनी आधीच काढलेली. स्वादुपिंडाचं शेपूट नेमकं डाव्या किडनीच्या समोरच असतं, त्यामुळे तिथे दहा वर्षांपूर्वीचे चिकटे असणार, आतडी किडनीच्या मोकळ्या जागेत सरकलेली असणार, म्हणजे सर्जनला पहिल्यापेक्षा अवघड वाट मिळालेली.

आता तुझा प्रश्न, डॉक्टरांचं चुकलं का. अगं, मला इथून कसं सांगता येईल. पण तू ज्या पद्धतीनं विचारलंयस त्यात एक गोष्ट धरूनच चालली आहेस, की ऑपरेशननंतर त्रास झाला म्हणजे कुणाचं तरी काहीतरी चुकलंच. कॉम्प्लिकेशन आणि चूक ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत २००० ते २०११ ह्या काळात किडनीच्या कॅन्सरच्या दुसरीकडे पसरलेल्या गाठी काढलेल्या अकराशेच्या वर पेशंटची माहिती गोळा करून २०१७ मध्ये छापली गेली, फुफ्फुस, हाड, लिव्हर सगळ्या जागा धरून. जवळपास निम्म्या लोकांना, ४५.७ टक्के, काही ना काही कॉम्प्लिकेशन झालं होतं, साधारण चौघांतल्या एकाला गंभीर, आणि २.४ टक्के हॉस्पिटलमध्येच गेले. म्हणजे बघ, ह्या ऑपरेशनला जाणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या घरात असं काहीतरी घडतंच. हे तुला घाबरवायला सांगत नाहीये, झाल्यावर काय घाबरवणार, पण तुमच्याच नशिबी हे आलं असं जे तू लिहिलंयस ते खरं नाही.

चूक झाली का हे ठरवायचं असेल तर गळती झाली का हे विचारून कळत नाही, गळती झाल्यावर काय केलं हे विचारावं लागतं. ताप आल्यावर सीटी किती तासांत केला, नळीतल्या पाण्याचं अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातलं एक पाचक द्रव्य, तपासलं का (तिसऱ्या दिवसानंतर ते रक्तातल्या नॉर्मल आकड्याच्या तिपटीच्या वर असेल तर ते स्वादुपिंडाचा रस धरतात), साठलेलं पाणी कल्चरला, म्हणजे त्यात कुठले जंतू आहेत ते बघायला, पाठवलं का, अँटिबायोटिक त्या कल्चरप्रमाणे दिलं का. तुझ्या पत्रावरून तरी वाटतंय की दहाव्या दिवशी ताप आला आणि लगेच नळी टाकली, दुसऱ्यांदा पोट उघडायची वेळ आली नाही. सर्जन लोक कॉम्प्लिकेशन मोजायला २००४ सालापासून एक पाच पायऱ्यांची शिडी वापरतात. पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे औषध-गोळ्या, रक्त, सलाईन ह्यावर भागतं त्या. तिसरी म्हणजे नळी टाकावी लागली किंवा परत ऑपरेशन, चौथी म्हणजे एखादा अवयव बंद पडून आयसीयू, आणि पाचवी म्हणजे माणूस गेला. तुझे बाबा तिसऱ्या पायरीच्या खालच्या भागात आहेत. त्रास मोठा आहे, मी कमी लेखत नाही, सहा आठवडे पोटाला पिशवी लावून फिरणं हे काय असतं ते मला माहितीये, पण शिडीवर ते कुठे उभे आहेत हे तुला आणि भावाला दोघांना माहीत असायला हवं.

माझं चुकलं का. ह्यावर मी गोड बोलून पांघरूण घालणार नाही, कारण तुझा भाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीये. किडनीचा कॅन्सर विचित्र असतो, दहा-दहा वर्षं गप्प बसतो आणि मग कुठेतरी डोकं वर काढतो, आणि स्वादुपिंडात आलेला तर बऱ्याचदा फार सावकाश वाढणारा असतो. पसरलेली गाठ काढली म्हणून माणूस जास्त जगतो हे चिठ्ठ्या टाकून दोन गट करून कुणी सिद्ध केलेलं नाही, जे आकडे आहेत ते निवडून ऑपरेशन केलेल्या, तब्येतीनं बऱ्या असलेल्या लोकांचे आहेत. म्हणजे गोळ्यांचा किंवा नुसतं लक्ष ठेवण्याचा रस्ता पण खराच होता. पण त्याच वेळी, एकुलती एक गाठ, किडनी काढून दहा वर्षं झालेली, माणूस चालता-फिरता, बाकी कुठे काही नाही, हे सगळं जेव्हा जुळून येतं तेव्हाच सर्जन गाठ काढू म्हणतात, आणि स्वादुपिंडातली अशी गाठ काढलेल्या लोकांपैकी निम्म्याहून जास्त पाच वर्षं पार करतात असं बऱ्याच ठिकाणच्या अनुभवात दिसलंय. ही कल्पना काही आजची नाही. १९३९ साली बॉस्टनच्या बार्नी आणि चर्चिल ह्या दोन सर्जननी एका पेशंटची किडनी आणि फुफ्फुसात गेलेली गाठ दोन्ही काढल्याचं छापलं होतं, आणि तो पेशंट त्यानंतर २३ वर्षं जगला, गेला तो हार्टच्या आजारानं. सगळ्यांचं असं होत नाही. पण ज्या दिवशी तू हो म्हणालीस त्या दिवशी तुझ्यासमोर जी माहिती होती तिच्यात हा रस्ता शहाण्या माणसाचाच रस्ता होता. गळती होणार हे तुला त्या दिवशी माहीत नव्हतं, आणि आज माहीत झालेल्या गोष्टीवरून तू त्या दिवशीच्या तुला शिक्षा करत बसलीयस. भाऊ पण तेच करतोय. समज गोळ्या सुरू केल्या असत्या आणि सहा महिन्यांत गाठ वाढली असती, तर हाच भाऊ म्हणाला असता की वेळेवर ऑपरेशन का नाही केलं.

आत्यांचं सुरी लागली की पसरतो, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून शेवटच्या दिवसापर्यंत ऐकलं. त्यामागे खरा अनुभव असतो, तो असा की पूर्वी लोक यायचेच इतक्या उशिरा की पोट उघडल्यावर सगळीकडे पसरलेलं दिसायचं, मग लोकांना वाटायचं उघडल्यामुळे पसरलं. बाबांच्या बाबतीत तर उत्तर घरातच आहे, दहा वर्षांपूर्वी सुरी लागली आणि त्यानंतर दहा वर्षं ते नातवंडांना शाळेत सोडत होते. आत्यांशी वाद घालू नकोस, एवढं एक वाक्य सांग आणि चहा टाक.

बरं, आता घरी काय करायचं. ह्यात जरा वेळ घालवते कारण ह्याच पत्रासारखी अजून दोन-तीन पत्रं पडून आहेत माझ्याकडे, कुणाच्या छातीत नळी, कुणाच्या पोटात, त्यांनी पण वाचावं.

एक वही कर. रोज सकाळी एकाच वेळी पिशवी रिकामी करायची, मापाच्या भांड्यात मोजायचं, मिली लिहायचं, रंग लिहायचा, ताप लिहायचा, वजन आठवड्यातून दोनदा. मोबाईलमध्ये फोटो काढलास तर उत्तम. ६०-७० मिली हा आकडा एकटा काही सांगत नाही, तो उतरतोय का हे सांगतं. आधी १५० होता आणि आता ६० असेल तर चित्र चांगलं आहे, बहुतेक गळत्या अशाच हळूहळू आपोआप बंद होतात, काहींना दोन-तीन महिने सुद्धा लागतात. पण एक लक्षात ठेव, रोज ७० येत होतं आणि एका दिवशी एकदम शून्य झालं, तर लगेच आनंदून जाऊ नका. नळी तुंबलेली किंवा सरकलेली असू शकते आणि पाणी आत साठत असतं, त्यात पोट दुखायला लागलं किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. नळी पिळणं, ओढणं, आत पाणी सोडणं हे तुला कुणी शिकवलेलं नसेल तर करू नकोस. पिशवी कमरेच्या खाली, आणि झोपताना नळीला पिळ बसत नाही ना बघायचं.

आणि आता जे सांगते ते फ्रीजवर लिहून लाव. नळीत लाल रक्त दिसलं, दोन चमचे का असेना, किंवा काळी शी झाली, किंवा रक्ताची उलटी झाली, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता असेल तरी निघायचं. स्वादुपिंडाचा रस शेजारच्या रक्तवाहिनीला कुरतडू शकतो आणि मोठा रक्तस्राव व्हायच्या आधी कधी कधी असं थोडंसं रक्त दिसून थांबतं. थांबलं म्हणून लोक झोपतात. माझ्या वॉर्डात एकदा एक काका असेच सकाळी आले, घरच्यांनी रात्री रक्त बघितलं होतं पण एवढ्या रात्री डॉक्टरांना कशाला त्रास म्हणून थांबले, आणि मग जे झालं ते मी अजून विसरले नाहीये. वेळेत गेलं तर सीटी अँजिओग्राफी करून आतूनच ती रक्तवाहिनी बंद करता येते. म्हणून रात्रीच्या गाडीची सोय आत्ताच करून ठेव, शेजारी कुणाची गाडी आहे, ड्रायव्हरचा नंबर, आणि तुमच्या जवळ अँजिओग्राफीची सोय असलेलं हॉस्पिटल कोणतं हे सर्जनलाच विचारून ठेव, दर वेळी पुण्यापर्यंत जायला वेळ असेलच असं नाही.

नळीभोवतीची कातडी लाल झालीय असं लिहिलंयस. तो रसच आहे, कातडी भाजतो. झिंक ऑक्साइडचं मलम किंवा स्टोमाच्या, म्हणजे पोटावर शीसाठी वाट काढलेल्या, पेशंटना लावतात ती बॅरियर पेस्ट मिळते, ती सिस्टरना विचारून लाव. हळद-तूप नको.

जेवणाचं वाचून मला वाईट वाटलं. सहा आठवडे पेज आणि मुगाच्या वरणाचं पाणी! अगं, पथ्यानं टाके भरत नाहीत, प्रोटीननं भरतात. नऊ किलो वजन गेलंय म्हणजे अंगातलं मांस गेलंय आणि अशा अंगात गळती बंद व्हायला वेळ लागतो. तोंडानं खायला परवानगी दिली आहे ना, मग डाएटिशियनकडे जाऊन अंडी, डाळी, पनीर, ताक, मासे काय काय किती हे लिहून घे. एकच किडनी आहे म्हणून प्रोटीन बंद असं कुणीतरी सांगितलंय, क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय हे सांगणारी रक्ताची तपासणी) नॉर्मल असेल तर बहुतेकांना ते लागू नसतं, पण बाबांचा आकडा दाखवून विचार. शी तेलकट, पाण्यावर तरंगणारी, घाण वासाची होत असेल तर रस कमी पडतोय, त्यासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, त्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात, उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही. शुगर २४० चं कारण पण तेच, इन्सुलिन करणाऱ्या पेशी शेपटाकडे जास्त असतात आणि तोच भाग गेला. साखर वाढलेली असेल तर इन्फेक्शन हटत नाही, म्हणून गोळी की इन्सुलिन हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

किडनी एकच आहे हे घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आणायचं नाही, पॅरासिटॅमॉल डॉक्टर सांगतील तेवढीच. कुणी काढा पाठवला तर आभार मानून ठेवून द्यायचा. प्रत्येक कॉन्ट्रास्ट सीटीच्या आधी क्रिएटिनिन बघितलं का हे विचारायचं.

आणि प्लीहा काढलीय त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, म्हणून मला शंका येतेय की लसीचं राहिलंय. प्लीहा नसलेल्या माणसाला काही जंतू फार झपाट्यानं घेरतात. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब ह्या लसी ऑपरेशन ठरलेलं असेल तर दोन आठवडे आधी देतात, राहिल्या तर ऑपरेशननंतर दोन आठवडे झाल्यावर. डिस्चार्ज कार्डवर बघ, नसेल तर ह्याच भेटीत विचार. इथून पुढे आयुष्यभर ताप आला की दोन दिवस बघू हे बंद, त्याच दिवशी डॉक्टर. मलेरियासाठी मच्छरदाणी, आणि कुत्रं चावलं तर रेबीजच्या इंजेक्शनबरोबर प्लीहा काढलीय हे आवर्जून सांगायचं. बाबांच्या खिशात एक चिठ्ठी असू दे, डावी किडनी नाही, प्लीहा नाही, एवढं लिहिलेलं.

हॉस्पिटल बदलू का. ऐन गळती चालू असताना माणूस उचलून दुसरीकडे नेणं मला सहसा पटत नाही, कारण ज्यानं पोट आतून बघितलंय त्याला जेवढं माहीत असतं तेवढं फाइलमध्ये येत नाही. पण तिथे रात्री-बेरात्री सीटी होतो का, नळी बदलणारे आणि रक्तवाहिनी आतून बंद करणारे डॉक्टर आहेत का, आयसीयू आहे का, हे विचार. २००९ साली अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचा एक मोठा अभ्यास आला होता, जनरल सर्जरी आणि रक्तवाहिन्यांच्या ऑपरेशनांचा, त्यात असं निघालं की चांगल्या आणि वाईट हॉस्पिटलांत कॉम्प्लिकेशन जवळपास सारखीच होतात, फरक पडतो तो कॉम्प्लिकेशन झाल्यावर माणूस वाचतो का ह्यात, तिथे वाईट हॉस्पिटलांत मृत्यूचं प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं. मी वॉर्डात जे बघितलं ते ह्याच्याशी शंभर टक्के जुळतं. ह्या सोयी तिथे असतील तर तिथेच राहा आणि मत मात्र दुसरं घे. ऑपरेशनची नोट, हिस्टोपॅथॉलॉजी म्हणजे काढलेल्या गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट, सगळ्या सीटीच्या सीडी ह्यांच्या कॉपी माग, २००२ च्या वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून ७२ तासांत द्याव्या लागतात. बाबांना न हलवता कागदांवर टाटाच्या ओपीडीत किंवा त्यांच्याशी जोडलेल्या 'नव्या' (Navya) ह्या नावाच्या ऑनलाइन सेवेकडून मत घेता येतं. सर्जनला हे लपवून करू नकोस, सरळ सांग, चांगला सर्जन रागवत नाही.

आता तो ठिपका. सहा मिलिमीटर. तू लिहिलंयस की फुफ्फुसात पण पोचला. अजून कुणी असं म्हटलेलं नाही गं, तू म्हणतेयस. आपल्याकडे जुन्या टीबीचे, जुन्या इन्फेक्शनचे डाग फुफ्फुसात कितीतरी लोकांना असतात आणि एवढा छोटा ठिपका एका सीटीवरून ओळखता येत नाही. पहिलं काम म्हणजे ऑपरेशनच्या आधीचा सीटी शोधून तो ठिपका तेव्हा होता का हे रेडिओलॉजिस्टला बघायला लावायचं. नसेल तर दोन-तीन महिन्यांनी परत सीटी. किडनीच्या कॅन्सरमध्ये हा थांबण्याचा वेळ वाया जात नाही, ठिपका एकटाच राहतो का, वाढतो का, अजून निघतात का, हे कळतं आणि त्यावरून पुढचा रस्ता ठरतो. वाढला तर छाती उघडून मोठं ऑपरेशन हा एकच मार्ग नाही, दुर्बिणीतून छोटा तुकडा काढता येतो, नेमका नेम धरून थोड्या बैठकांत जास्त डोसचं रेडिएशन देता येतं, औषधं आहेत. पण बाबांची नळी निघाल्याशिवाय आणि वजन थोडं भरल्याशिवाय ह्यातलं काहीच ठरवायची घाई नाही, आणि हे तू डॉक्टरांना विचारलंस तर ते पण बहुतेक हेच म्हणतील.

तुझ्या चुलतभावानं विचारलंय ना, की मग गोळ्या लगेच का सुरू करत नाहीत, इम्युनोथेरपी का देत नाहीत. सुनिटिनिब, पॅझोपॅनिब, ॲक्सिटिनिब ह्या गोळ्या गाठीला रक्त नेणाऱ्या नव्या वाहिन्या वाढू देत नाहीत, आणि जखम भरायला नेमक्या त्याच वाहिन्या लागतात. उघड्या गळतीवर ह्या गोळ्या चालू करणं म्हणजे भरणारी जखम थांबवणं. शिवाय गाठ पूर्ण काढल्यावर सावधगिरी म्हणून पॅझोपॅनिब देऊन बघितलेलं आहे, फायदा दिसला नाही. पेम्ब्रोलिझुमॅब ह्या इम्युनोथेरपीच्या इंजेक्शनचा फायदा दिसलाय, पण त्या अभ्यासात पसरलेली गाठ काढलेल्यांपैकी फक्त किडनी काढल्यावर वर्षाच्या आत ती काढलेले लोक घेतले होते, तुझ्या बाबांसारखे दहा वर्षांनी आलेले नव्हते. वर्षभराच्या त्या इंजेक्शनांचा खर्च लाखांत जातो, त्यामुळे घर गहाण टाकायच्या आधी हा प्रश्न ऑन्कोलॉजिस्टना सरळ विचार, की माझ्या वडिलांसारख्या पेशंटमध्ये ह्याचा पुरावा काय.

पैशावरून आठवलं, भावाचा राग. तू लिहिलंयस इन्शुरन्स संपला आणि पुढची बिलं तो भरतोय. मला वाटतं तो तुझ्यावर जेवढा चिडलाय त्यापेक्षा जास्त घाबरलाय, आणि घाबरलेला पुरुष आपल्याकडे हिशोब काढून भांडतो. त्याला वर लिहिलेली शिडी आणि वही दाखव. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पुढचं काय बसतं हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारायचं काम त्याच्याकडे दे, हातात काम आलं की माणूस बरा बोलतो. तरीही नाही बोलला तर थोडे दिवस सोडून दे.

आणि आता बाबा.

अगं, दहा वर्षांपूर्वी किडनी काढली, दर वर्षी सोनोग्राफी केली, कॅन्सरच्या ओपीडीच्या रांगेत बसले, आता पोटाला नळी आहे. तुला खरंच वाटतं त्यांना माहीत नाही? पस्तीस वर्षं एसटीत तिकिटं फाडलेला माणूस, समोरच्याचा चेहरा बघून ओळखत असणार की ह्याच्याकडे सुट्टे आहेत की नाहीत. वॉर्डात माझ्याकडे असे कितीतरी पेशंट यायचे, घरचे बाहेर गेले की हळूच म्हणायचे, सिस्टर, मला माहितीये, पण पोरांना सांगू नका मला माहितीये म्हणून. दोन्हीकडून लपवालपवी. एका आजोबांना असाच तिसऱ्यांदा नळी बदलायला आणला होता, ते मला म्हणाले, मला विचारलं असतं तर मी हो च म्हणालो असतो ऑपरेशनला, पण विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

माझं चुकलं का, हे तू मला विचारलंस, भावाशी भांडून विचारलंस, आत्यांना विचारलंस, आणि ज्याच्या पोटात ती नळी आहे त्याला अजून विचारलं नाहीस. सगळं एकदम सांगायचं नाही. रात्री जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, नुसतं विचार, बाबा, तुम्हाला ह्या आजाराबद्दल काय माहितीये, आणि अजून काय माहीत करून घ्यायचंय. ते म्हणाले मला काही ऐकायचं नाही, तुम्हीच बघा, तर तो पण त्यांचाच निर्णय, मान्य कर. ते बोलले तर गप्प बसून ऐक, मध्येच धीर देऊ नकोस. ठिपक्याचं पुढे काय करायचं, किती सहन करायची तयारी आहे, घरी राहायचंय की परत पुण्याला, ह्याचं उत्तर तुझ्याकडे नाहीच आहे आणि ते एकटीनं शोधायला जाऊ नकोस.

गुरुवारी फॉलोअप आहे असं लिहिलंयस. वही ने, जुन्या सीटीची सीडी ने, लसींचं विचार, शुगरचं विचार. आणि दर वेळी तू डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसतेस आणि बाबा मागे बाकड्यावर, ते ह्या वेळी उलटं कर.